प्रभू येणार, मग बारावी कशाला?

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

मी खडकीत राहते, वय ४२. एका खाजगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. मिस्टर भोसरीतल्या कंपनीत सुपरवायझर आहेत. मोठी मुलगी बारावीला, धाकटा नऊ वर्षांचा, सासूबाई आमच्याकडेच असतात. तीन पिढ्यांपासून आम्ही ख्रिस्ती. रविवारची उपासना, महिला मंडळ, नाताळ, असं आमचं साधं चालायचं. दीड वर्षापूर्वी थोरले दीर अचानक वारले. त्यानंतर मिस्टर एका प्रार्थना-गटात जाऊ लागले. तिथे सतत शेवटच्या दिवसांवरच शिकवण असते: येशू लवकरच परत येणार, विश्वासणाऱ्यांना अचानक स्वर्गात उचलून नेणार, बाकीचे मागे राहणार. आता ते म्हणतात, फार तर दोन-तीन वर्षं उरली आहेत. मोशीचा बुक केलेला फ्लॅट सोडायचा, नोकरी सोडायची, पीएफ काढून सेवेला द्यायचा. बिल्डरचा पुढचा हप्ता महिन्याच्या अखेरीला आहे. आधार कार्ड, यूपीआय, करोनाची लस म्हणजे बायबलमधल्या श्वापदाचं, देवविरोधी सत्तेचं चिन्ह, असंही तिथे सांगतात. २०२१ मध्ये मी लसीकरणाच्या ड्यूटीवर होते, त्यामुळे मला टोमणे. मुलगी विचारते, प्रभू येणारच असेल तर मी नीटचा अभ्यास कशाला करू? परवा धाकटा शाळेतून आला तेव्हा सासूबाई भाजीला गेल्या होत्या आणि दाराला कुलूप. सगळे उचलले गेले आणि आपण एकटेच राहिलो असं समजून तो जिन्यात रडत बसला. मी बोलले की मिस्टर म्हणतात, तुझा विश्वास कोमट आहे. खरं सांगू का, प्रभू आज आला तर मला आनंदापेक्षा भीतीच वाटेल. मला मुलीला शिकलेलं पाहायचंय. म्हणजे माझी तयारी नाही का? मिस्टरांचं ऐकावं, की मुलांना घेऊन माहेरी निघून जावं?

एक बहीण, पुणे

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

आधी जिन्यातला मुलगा. फ्लॅट, पीएफ, बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा अर्थ, हे सगळं चार दिवस थांबेल. तो थांबू शकत नाही.

त्याला शिकवण समजावून सांगत बसू नका. जे डोक्यात बसलंय ते युक्तिवादाने निघायचं नाही. त्याला साध्या गोष्टी कळायला हव्यात. शाळा सुटल्यावर घरी कोण असेल, कोणी नसेल तर किल्ली कोणत्या काकूंकडे, आईच्या वॉर्डचा फोन कोणता, आजी खाली गेली तर चिठ्ठी कुठे लावलेली असेल. हे त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या आणि तो कागद दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवा. झोपताना मार्क १०:१३-१६ वाचा. लोक मुलांना येशूकडे आणत होते, शिष्य दटावत होते, आणि येशूला राग आला तो शिष्यांचा. त्याने मुलांना कवेत घेतलं. असा माणूस एका पोराला जिन्यात ठेवून निघून जाईल का, एवढंच धाकट्याला विचारा. उत्तर त्यालाच देऊ द्या.

मिस्टरांपुढे आज एकच अट ठेवा. मुलांच्या कानावर पडतील असे ते व्हिडिओ घरात लागणार नाहीत आणि धाकटा त्या सभेला जाणार नाही. यावर तडजोड नको. जिन्यातला प्रसंग तुम्ही त्यांना सांगितलात की नाही, हे पत्रातून कळत नाही. सांगितला नसेल तर जरूर सांगा, पण ‘बघा तुमच्यामुळे काय झालं’ या सुरात नको. जसं घडलं तसं सांगा आणि गप्प बसा. ते बाप आहेत. मुलाची झोप उडाली, अंथरूण ओलं व्हायला लागलं, शाळेत जायला तो नको म्हणू लागला आणि हे दोन-तीन आठवडे चाललं, तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्या. तुम्ही नर्स आहात, लक्षणं मी सांगायला नकोत.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ, जी लिहून तुम्ही लगेच पुढे गेलात. थोरले दीर अचानक वारले.

मिस्टर कसे बदलले हे तुम्ही दीड पान लिहिलंय आणि त्या मृत्यूला एक वाक्य दिलंय. मला वाटतं गाठ तिथेच आहे. आपल्याकडे दफनविधी होतो, स्मरणसभा होते, लोक चार गाणी म्हणतात, जेवतात आणि पांगतात. धाकट्या भावाने मात्र दुसऱ्या दिवशीपासून वहिनीचं, आईचं, बँकेचं बघायचं. त्याला कोणी विचारलं का, तुझं काय? मग कोणीतरी माइकवरून सांगतं की फार थोडे दिवस, सगळे पुन्हा भेटणार. त्या माणसाला यात वर्षांचा हिशेब ऐकू येत असेल की भाऊ ऐकू येत असेल?

हे मी नुसत्या तर्काने म्हणत नाही. उचलले जाण्याची शिकवण ज्या उताऱ्यावर उभी आहे तो थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. इ.स. ५० च्या सुमारास प्रेषित पौलाने हे पत्र थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं. ती मंडळी प्रभूची वाट पाहत होती आणि मधेच त्यांच्यातली काही माणसं वारली. मागे राहिलेल्यांना धसका बसला की गेलेल्यांचं आता काय, ते मुकले का. पौलाचं उत्तर असं: ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग आपण जे जिवंत उरू ते त्यांच्याबरोबर प्रभूला भेटायला घेतले जाऊ. आणि उताऱ्याचं शेवटचं वाक्य आहे की या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. तुमच्या मुलाला ज्या शिकवणीने रडवलं तिचा उगम दुःखात असलेल्या घरांना धीर देण्यात आहे. मग एखाद्या सभेत तो उतारा वाचल्यावर मुलं भेदरत असतील आणि बायका कोमट ठरत असतील, तर तो ज्या कामासाठी लिहिला त्या कामाला तिथे लागत नाही, एवढं नक्की.

म्हणून वचनाला वचनाने उत्तर देण्याच्या भानगडीत पडू नका. त्या सामन्यात तुम्ही हराल, कारण त्यांची तयारी रोजची आहे. त्याऐवजी एका संध्याकाळी थेस्सलनीकाकरांची दोन्ही पत्रं मोठ्याने वाचायला सांगा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दोन्ही मिळून आठच अध्याय आहेत, अर्ध्या तासात होतात. सासूबाईंनाही बसवा. मुलगा त्यांचाही गेलाय, आणि तुमच्या पत्रात त्यांच्या दुःखाबद्दल काहीच नाही. चौथा अध्याय संपल्यावर दिरांबद्दल बोला. जाऊबाईंना बोलवता आलं तर फार बरं.

मिस्टर जे मानतात त्यातलं पुष्कळ तुम्हीही मानता, हेही लक्षात घ्या. जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येईल, हे मतांगीकारात, म्हणजे उपासनेतल्या विश्वासाच्या कबुलीत, आपण सगळे म्हणतो, कॅथलिक काय आणि प्रोटेस्टंट काय. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारचं शुभवर्तमानही येशू जन्मला त्या गोठ्याबद्दल नसतं, दुसऱ्या येण्याबद्दल असतं. पण तोवर आपल्या जुन्या मंडळ्यांत नाटकाच्या तालमी, कॅरोलच्या गाडीचा हिशेब आणि केकच्या ऑर्डरी सुरू झालेल्या असतात. हा विषय आपण व्यासपीठावरून जवळजवळ काढूनच टाकला. मग भाड्याच्या हॉलमध्ये कोणी तो काढला की माणसाला वाटतं, हे आपल्यापासून इतकी वर्षं लपवून ठेवलं होतं. मिस्टर तिकडे गेले यात आपल्या पाळकांचाही थोडा वाटा आहे, असं माझं मत. राग आला तरी चालेल.

बाकी तपशिलांत ख्रिस्ती लोकांत पहिल्यापासून मतभेद आहेत. शेवटच्या काळातल्या महासंकटाच्या आधी मंडळी, म्हणजे विश्वासणारे, गुपचूप उचलली जाईल आणि बाकीचे मागे राहतील, हा क्रम जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकांच्या शिकवणीतून १८३० च्या दशकापासून पसरला आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमुळे घराघरांत पोचला. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बऱ्याच जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या असा वेगळा टप्पा मानत नाहीत. ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांतले पुष्कळजण तो मनापासून मानतात, आणि ते मानूनही वेळेवर कामाला जातात, मुलांच्या फिया भरतात. मिस्टरांनी हा क्रम मानला म्हणून तुमचं घर मोडणार नाही. धोका आहे तो ‘दोन-तीन वर्षं’ या शब्दांत.

कारण ती तारीखच आहे, फक्त कडा पुसट केलेली. त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही आणि पुत्रालाही नाही, हे येशूने स्वतः सांगितलंय (मत्तय २४:३६). जे पुत्राला ठाऊक नव्हतं ते त्या गटातल्या बंधूंना कसं कळलं, हा प्रश्न मिस्टरांनी तिथे उभं राहून विचारावा. विचारू देतात का, यावरूनही बरंच कळेल.

अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. काहींनी शेतातलं पीक काढलंसुद्धा नाही. दिवस उजाडला तसा मावळला. रेडिओवरून शिकवणारे हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितलं, मग २१ ऑक्टोबर २०११, आणि पुढच्या वर्षी चुकलो म्हणून कबूल केलं. दक्षिण कोरियातली गोष्ट मिस्टरांना मुद्दाम सांगा. तिथल्या एका पंथाने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली, लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकून पैसे दिले. तारखेच्या आधीच पोलिसांनी त्या पुढाऱ्याला फसवणुकीसाठी पकडलं, तर त्याच्याकडे गुंतवणुकीचे असे रोखे निघाले ज्यांची मुदत त्या तारखेनंतर संपत होती. अनुयायांचा शेवट ठरलेला आणि स्वतःचं व्याज पुढच्या वर्षी. मिस्टरांच्या गटातले लोक असे आहेत असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण जिथे पैसे द्यायचे आहेत त्यांच्या हॉलचा भाडेकरार किती वर्षांचा आहे, हे विचारायला हरकत नाही.

चिन्हाबद्दल थोडक्यात. बारकोड आले तेव्हा ते चिन्ह होतं, मग क्रेडिट कार्ड, मग आधार, मग लस. प्रकटीकरणाच्या तेराव्या आणि चौदाव्या अध्यायांत ते चिन्ह श्वापदाची उपासना करण्याशी जोडलेलं आहे. दंडात सुई टोचून कोणी कोणाची उपासना करत नाही. साथीत लोक दार लावून बसले होते तेव्हा तुम्ही अनोळखी माणसांच्या दंडाला हात लावत होतात. त्याबद्दल टोमणे ऐकून घेऊ नका.

आता तयारी म्हणजे काय. तुम्ही दोघंही एक गोष्ट धरून चालला आहात, की तयारी म्हणजे संसारातून हात काढून घेणं. मिस्टर तो हात काढायला निघालेत, तुम्हाला काढवत नाही, म्हणून ते तयार आणि तुम्ही कोमट. हे गृहीतच मला पटत नाही.

मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात ‘जागृत राहा’ असं सांगून झाल्याबरोबर, पंचेचाळिसाव्या ओवीपासून, येशू एका दासाबद्दल बोलतो. धन्याने त्याला घरच्या माणसांना वेळच्या वेळी जेवण द्यायला नेमलंय. धनी येईल तेव्हा जो दास हेच काम करताना सापडेल तो धन्य. म्हणजे जागृत राहण्याचं पहिलं उदाहरण म्हणून येशूने निवडलं ते काय, तर घरातल्यांच्या ताटात वेळेवर अन्न पडणं. धन्याच्या येण्याकडे डोळे लावून चूल विझवणाऱ्याचं कौतुक तिथे नाही. त्याच उताऱ्यातला वाईट दास धनी उशिरा येणार म्हणून सोबतच्यांना मारतो, पितो. धनी लवकर येणार म्हणून घरच्यांना उपाशी ठेवणारा दास येशूच्या डोळ्यांपुढे आला नसावा, पण आज तोही आहे. रात्रपाळीत तुम्ही राउंडला मॅडम कधी येतात म्हणून वॉर्डच्या दाराकडे बघत बसत नाही. तीनचं इंजेक्शन तीनला जातं, सलाइन संपायच्या आत बदललं जातं, चार्ट भरलेला असतो, आणि मॅडम आल्या तर आल्या. येशूने ज्याला जागृत म्हटलंय ते मला असं दिसतं.

तुमच्या घरात हे काम कोण करतंय? सासूबाईंची औषधं, मुलीचा डबा, ड्यूटी, आणि मिस्टरही आजपर्यंत भोसरीच्या पाळ्या. ती सगळी तयारीच होती.

पुणे जिल्ह्यातलंच एक उदाहरण देते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं आध्यात्मिक जागरण झालं, दुष्काळातून वाचवलेल्या मुली तासन्‌तास प्रार्थनेत रडत असत. पंडिता रमाबाईंनी त्या जागरणाला मनापासून साथ दिली. आणि त्याच आवारात शेती चालू होती, मुली शिकत होत्या, छापखाना चालत होता. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठी बायबलाच्या भाषांतराला बसल्या. त्यात वर्षंच्या वर्षं गेली. १९२१ मध्ये लेक मनोरमा वारली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आलं. प्रभूच्या येण्यावर त्यांचा विश्वास मिस्टरांपेक्षा कमी होता असं कोणी म्हणेल का? हिब्रूची व्याकरणं घोटायला घेणारी बाई दोन-तीन वर्षांचा हिशेब करत नव्हती.

मुलीला हेच सांगा. नीटचा अभ्यास कशाला, या तिच्या प्रश्नात थोडा परीक्षेचा कंटाळाही असेल, बारावीला तो कोणाला नसतो. पण प्रश्न म्हणून तो खरा आहे, हसण्यावारी नेऊ नका. पौलाने थेस्सलनीकाकरांना सांगितलं की आपापला व्यवसाय करा, हाताने काम करा, आणि हे त्याने चौथ्या अध्यायात, येण्याबद्दल लिहिण्याच्या लगेच आधी सांगितलंय. तरी तिथले काहीजण काम सोडून बसले असावेत, कारण दुसऱ्या पत्रात त्याला आणखी कडक लिहावं लागलं, की ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. डॉक्टर व्हायचं की नाही हे तिने तिच्या आवडीवर आणि मार्कांवर ठरवावं. जगाच्या शेवटावर ढकलू नये.

आता पैसे. मिस्टर तीन गोष्टी एका दमात सांगतात, त्या तुम्ही सुट्या करा.

फ्लॅट सोडायचा की नाही हा विश्वासाचा प्रश्नच नाही, तो हप्त्याचा प्रश्न आहे. दोघांच्या पगारात ईएमआय बसतो का, मुलीची फी आली तर बसेल का, मोशीहून तुमच्या ड्यूटीला जायला किती वेळ जाईल. कदाचित उत्तर ‘सोडा’ असंच येईल, आणि साधं राहण्याचा मिस्टरांचा आग्रह त्या बाबतीत तुमच्यापेक्षा शहाणा ठरेल. कोठारं मोठी करण्याचे बेत आखणाऱ्या श्रीमंताची गोष्ट लूकच्या बाराव्या अध्यायात आहेच. पण शेवट जवळ आला म्हणून घर घेऊ नये, हे शास्त्रात बसत नाही. यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय बघा. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, नगर पडणार हे यिर्मयाला ठाऊक आहे, तो स्वतः कैदेत आहे, आणि देव त्याला सांगतो की चुलतभावाचं अनाथोथातलं शेत विकत घे. तो सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत मोहोरबंद करून मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकावं.

नोकरी. मिस्टरांना पूर्णवेळ सेवा करायची ओढ खरी असेल तर ती आणखी सहा महिन्यांनीही खरीच राहील. तोवर शनिवार-रविवार करून पाहू दे. हॉस्पिटलात एकटे पडलेले पेशंट तुम्हाला माहीत आहेत, त्यांच्यापाशी बसू दे. राजीनाम्याचा विषय निघाला तर आधी एका कागदावर मांडा की महिन्याचा खर्च किती, तुमच्या एकट्याच्या पगारात काय निघतं, आणि कंपनीची वैद्यकीय सोय गेल्यावर सासूबाईंच्या औषधांचं काय.

पीएफबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो द्यायचा नाही. नोकरीत असताना तो सगळा काढताही येत नाही, काही भागच मिळतो. दहा वर्षांची नोकरी झाली असेल तर ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क असतो, तो घाईत घालवू नये. आणि मिस्टरांना शास्त्रातूनच उत्तर हवं असेल तर मार्क ७:९-१३ दाखवा. ‘आईबापांना जे द्यायचं ते मी देवाला वाहिलं’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच फटकारलंय. सासूबाई त्याच घरात आहेत. जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, असं पौलाने तीमथ्याला लिहिलंय (१ तीमथ्य ५:८). द्यायचंच असेल तर दोघांनी मिळून महिन्याची एक रक्कम ठरवा, दशांश किंवा जे झेपेल ते, आणि आनंदाने द्या. एकाने दुसऱ्याच्या नकळत काढलेला पैसा मात्र दान म्हणून जाऊ देऊ नका. जॉइंट खात्यावर दोघांच्या सह्या लागतील अशी सोय बँकेत करून घेता येते.

मग तुमची भीती. लावदिकीयाच्या मंडळीला कोमट म्हटलंय ते प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात, आणि का म्हटलंय ते सतराव्या ओवीत आहे: मी श्रीमंत आहे, मला काही उणं नाही, असं ती मंडळी म्हणत होती. तुम्ही चार पानं भरून आपलं उणंच लिहिलंय. तो शब्द तुम्हाला लागू होत नाही. आणि होत असला तरी ‘पाहा, मी दाराशी उभा आहे व ठोकत आहे’ हे त्याच मंडळीला सांगितलंय, दुसऱ्या कोणाला नाही.

मुलीला शिकलेलं बघायची इच्छा म्हणजे पाप नव्हे. पौलाचीही ओढाताण झाली होती. ख्रिस्ताजवळ जाणं कितीतरी बरं, पण तुमच्यासाठी इथे राहणं अधिक गरजेचं, असं त्याने फिलिप्पैकरांना लिहिलंय (१:२३-२४). तरीही ती भीती नुसती मुलीपुरतीच आहे का, हे एकदा तपासा. कोणाशी अबोला, कोणाचं देणं, एखादी जुनी गोष्ट जी तुम्ही पाळकांनाही सांगितली नाही, असं काही त्यात असेल तर ते आता मिटवून टाका. जगाचा शेवट पाहायला आपण असू-नसू, स्वतःचा शेवट प्रत्येकाला आहे, आणि तुम्ही तो वॉर्डात दर आठवड्याला बघता.

त्याच तयारीतली एक गोष्ट म्हणजे मृत्युपत्र. आपल्या लोकांना हा शब्द अशुभ वाटतो. भारतीय ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे एक तृतीयांश बायकोला आणि उरलेलं मुलांना सारखं वाटलं जातं. मुलं असतील तर आईला त्यात वाटा नाही, म्हणजे सासूबाईंचं काय हे तुम्हाला लिहूनच ठेवावं लागेल. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करायचं नसतं. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. जोडीला पीएफ, बँक, विमा यांची नामनिर्देशनं तपासा. दीर गेल्यावर काय काय शोधावं लागलं ते जाऊबाईंना विचारा. हे काम मिस्टरांना करायला सांगा, तयारीचा त्यांचा उत्साह कुठेतरी लागायला हवाच.

माहेरी जायचं का? मारहाण, धमकी, तुमचा पगार किंवा एटीएम कार्ड काढून घेणं असं काही असेल तर वाट बघू नका, निघा, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. पत्रात तसं काही दिसत नाही. तसं नसेल तर आत्ता निघून जाऊ नका. दीड वर्षात भाऊ गेलेल्या माणसाची बायकामुलंही एका सकाळी घरात नसतील, तर सभेत जे ऐकवतात तेच त्याच्यापुढे खरं होऊन उभं राहील. शिवाय धाकटा घरापासून लांब जाऊन सावरेल असं मला वाटत नाही.

तुमच्या मंडळीच्या पाळकांना घरी चहाला बोलवा, पण मिस्टरांना आधी सांगून. पाठीमागून बोलावलेला पाळक म्हणजे त्यांना पोलीस वाटेल. पाळकांना दिरांबद्दल बोलायला आधी सुचवून ठेवा. वादाला तोंड फुटलं तर त्यांनी उठावं, हेही ठरवून ठेवा.

बिल्डरचा हप्ता महिन्याच्या अखेरीला आहे, म्हणजे फ्लॅटचं बोलणं त्याआधीच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी व्हायला हवं. तुमच्या रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी मुळीच नको. झालेल्या कराराची प्रत आणि भरलेल्या पावत्या आधी काढून ठेवा. बुकिंग रद्द केलं तर किती रक्कम कापली जाते ते करारात कलम शोधून वाचा, बिल्डरच्या माणसाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मिस्टर त्या दिवशी काहीच ठरवायला तयार नसतील तर हप्त्याला मुदत मागणारा ईमेल दोघांच्या नावाने पाठवा. आणि मुलीच्या क्लासची फी थकली असेल तर ती तेवढी भरून टाका.

तुमची,
ताई